सव्वा लाखाचा फोन घेऊन नळदुर्ग, तुळजापूर आणि तेर

नळदुर्गाचे नर-मादी धबधबे बघायचे तर वरचं बोरी धरण भरून पाणी सुटलेलं असावं लागतं. यंदा ते वेळेत सुटलं आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही सोलापूरहून निघालो. हैदराबाद रस्त्याने तासाभरात नळदुर्ग येतं. सोबत मामेभाऊ होता. त्याच्याकडे बारा-तेरा हजारांचा फोन, माझ्याकडे वर्षभर वापरलेला सव्वा लाखाचा. 'तुझा तो फोन घ्यावा का रे?' असं मला इतक्यांनी विचारलंय, की या वेळी रस्ताभर फोनकडेही लक्ष ठेवायचं ठरवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीचे बहुतेक फोन थोड्याफार फरकाने सारखेच वागतात.

आधी किल्ला. बोरी नदीवर दगडी बंधारा घालून पाणी अडवलंय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल बांधलाय. हे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं काम. नदीला पाणी असलं की बंधाऱ्यावरून दोन धारा कोसळतात, एक नर, एक मादी, आणि आतल्या महालात मात्र माणूस कोरडा उभा. पलीकडे रणमंडळ हा जोडकिल्ला. धरणं बांधणाऱ्यांनी एकदा इथं येऊन नुसतं बसावं, इतकं ते काम देखणं आहे.

मी प्रथम उपळ्या बुरुजावर चढलो, कारण फोनची खरी परीक्षा तिथंच. बुरूज चांगलाच उंच आहे, वर तोफा आहेत आणि अख्खा किल्ला खाली पसरलेला दिसतो. पाचपट झूमवर बंधाऱ्याची चिरेबंदी, महालाच्या खिडक्या, खिडकीत उभ्या बाईच्या पदराचा रंग, सगळं स्वच्छ आलं. या झूमसाठी प्रिझम बसवून प्रकाश काटकोनात वळवतात आणि भिंगं फोनच्या लांबीत आडवी निजवतात, म्हणून बोटभर जाडीच्या आत एवढी नजर मावते. दहापटीपर्यंतही चालतं. त्याच्या पुढचे आकडे जाहिरातीसाठी. शंभरपट करून बघितलं तर धबधब्याच्या जागी कुणीतरी पांढरा रंग फासल्यासारखं दिसलं.

खोक्यावरच्या २०० मेगापिक्सेलचीही तीच गत. नेहमीचा फोटो बारा-साडेबारा मेगापिक्सेलचाच निघतो, कारण सेन्सरवरचे, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवरचे, शेजारशेजारचे १६ ठिपके एकत्र करून एक ठिपका बनवतात. त्यात फसवणूक नाही. उलट प्रकाश जास्त गोळा होतो आणि फोटो चांगला येतो. पूर्ण २०० मेगापिक्सेलचा फोटो काढताही येतो, पण त्याची फाइल दांडगी होते आणि भर उन्हाशिवाय तो काही खास येत नाही. मी तो प्रकार आता वापरतच नाही.

भर उन्हात तरी वापरावा म्हटलं, तर तिथं दुसरंच लफडं. पाऊस उघडल्यावरचं आमच्याकडचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. अंगाला चिकटतं, आणि काळा दगड खालून वेगळा भाजतो. बुरुजावर फोर-के, म्हणजे फार बारीक तपशिलाचा, व्हिडिओ चालू होता. काही मिनिटांतच पडदा आपोआप मंद झाला, मग फोन तापल्याची सूचना आली आणि शेवटी कॅमेराच बंद पडला. या पडद्याचा उजेड फार गाजलेला आहे आणि सावलीत किंवा सकाळी तो खरंच डोळे दिपवतो. पण फोन तापला की पहिली काटछाट त्याच्यावरच होते, म्हणजे तळपत्या उन्हात, जिथं उजेड हवा, नेमका तिथंच तो हात आखडता घेतो.

कारण साधं आहे. फोनला पंखा नसतो. प्रोसेसर, कॅमेरा आणि पडदा तिघांची उष्णता अंगातून बाहेर पडायची, आणि ते अंग आधीच उन्हात तापलेलं. बॅटरी उष्णतेने बिघडू नये म्हणून फोन स्वतःच काम कमी करतो. बऱ्याच कंपन्यांच्या माहितीपत्रकात वापरासाठी ० ते ३५ अंश तापमान दिलेलं असतं. ३५ अंशाला मराठवाड्यात लोक पंख्याचं बटण शोधत नाहीत हो! लातूर-धाराशिवकडचा मे महिना या माहितीपत्रकात कुणी धरलेलाच नाही.

मामेभावाचा फोन तोवर चालूच होता. "दादा, माझा बघ. काढायलाय की मुकाट्यानं." त्याचा फोन फोर-के काढतच नाही, त्यामुळे त्याला घाम फुटायचं कारण नव्हतं, हे मी त्याला समजावलं. त्यानं ते अजिबात मनावर घेतलं नाही.

खाली पाणीमहालात मात्र माझ्या फोनने पैसे वसूल करून दिले. आत काळोख, बाहेर झगझगीत पांढरं पाणी. अशा ठिकाणी साधा कॅमेरा एक तर पाणी जाळतो नाहीतर भिंती गिळतो. हा फोन एका दाबात कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो काढून त्यांची मोट बांधतो. पाण्याची धार धारेसारखी आली आणि कमानीवरचं नक्षीकामही आलं. तुषार उडत होते तरी फोन खिशात घातला नाही. आयपी ६८ म्हणजे गोड्या पाण्यात दीड मीटर खोल अर्धा तास, असा साधारण दावा असतो. पण पाणी शिरून बिघडला तर तो खर्च वॉरंटीत सहसा धरत नाहीत, तेव्हा या आकड्याच्या भरवशावर फोन घेऊन धबधब्याखाली नाचू नये.

नळदुर्गाहून तुळजापूरला जाताना फोन गाडीत काचेजवळच्या वायरलेस चार्जरवर ठेवला. ऊन, नकाशा आणि चार्जिंग तिन्ही एकदम चालू. अर्ध्या तासात चार्ज वाढायच्या ऐवजी तिथंच अडकला, कारण लिथियम बॅटरी तापली की फोन ती भरूच देत नाही. वायर लावून एसीच्या झोतासमोर धरल्यावर आकडा हलला. मामेभाऊ म्हणाला की पुढच्या वेळी त्याच्या बुलेटवर जाऊ, हँडलला होल्डर आहे. त्याला मी चक्क नाही म्हटलं. मोटारसायकलच्या थरथरीने कॅमेऱ्यातली हलती भिंगं बिघडू शकतात, असं ॲपलनेच २०२१ मध्ये जाहीर सांगितलं होतं. हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी नाजूक यंत्रणा ज्या ज्या फोनमध्ये आहे, त्याला हे लागू. गंमत अशी, की स्वस्त फोनमध्ये सहसा ती यंत्रणाच नसते, त्यामुळे तो बुलेटवर निर्धास्त बसतो.

तुळजापुरात त्या संध्याकाळी देवी अजून पलंगावर होती. भाद्रपद वद्य अष्टमीपासून तिची निद्रा चालते आणि घटस्थापनेला पहाटे ती सिंहासनावर बसते. गावात मात्र झोपेचं नाव नव्हतं. मराठवाड्यातून, सोलापुराकडून, कर्नाटकातून नवरात्र मंडळांची पोरं टेम्पो भरभरून आलेली. इथून भवानी ज्योत पेटवायची आणि गावापर्यंत पळत न्यायची. अनवाणी पळतात, दमला की पुढचा हातात घेतो. कवड्यांच्या माळा, मळवट भरलेली कपाळं, 'आई राजा उदो उदो'चा गजर. दर्शन घेतलं. गाभाऱ्यात फोनचा काही संबंध नाही, खिशात गप्प होता. महाद्वाराबाहेर आलो तेव्हा तो बाहेर काढला.

रात्रीचा मोड चालू ठेवून ज्योत घेऊन पळणाऱ्या पोरांचा फोटो काढला तर पोरं गायब आणि रस्त्यावर नुसता नारिंगी ओघळ. अंधारात फोन सेकंद-दोन सेकंद उजेड साठवत बसतो. देऊळ, दीपमाळ, डोंगर यांना ते चालतं, पळत्या माणसाला नाही. मोड बंद करून शटर वेगवान केलं, फोटो थोडा खरखरीत आला, पण त्यात पोराच्या मानेवरची शीर दिसते. तो मला सगळ्यात आवडलेला फोटो. अजून एक खोड: ज्योतीसमोर व्हिडिओ घेतला की आभाळात एक हिरवा ठिपका तरंगतो. ज्योतीचं प्रतिबिंब भिंगांच्या काचांमध्येच इकडून तिकडं आपटत राहतं. सव्वा लाख दिल्यावर तरी हा ठिपका जायला हवा होता.

आणि संबळ. याबद्दल परीक्षणांमध्ये कुणी बोलत नाही, कारण परीक्षण करणाऱ्यांनी फोनसमोर संबळ वाजवलेला नसतो. एक गोंधळी घराणं महाद्वाराजवळ वाजवत होतं. व्हिडिओ घरी ऐकला तर गाणं स्पष्ट, तुणतुणं ठीक, आणि संबळाच्या जोडीतल्या मोठ्या, घुमणाऱ्या वाद्याचा आवाज जागेवरच नाही. गोंगाट दाबून माणसाचा आवाज पुढे आणायची करामत फोन आपणहून करतो आणि त्यात तो घुमाराच गोंगाटात जमा झाला. सेटिंगमध्ये ही करामत बंद करता येते. पुढच्या वेळी आधी ते.

धाराशिवला मामांकडे मुक्काम. येसर आमटी, भाकरी, झोप. सकाळी तेरला निघण्याआधी मामांच्या शेळ्या बाहेर बांधल्या होत्या. उस्मानाबादी शेळी म्हणजे काळीभोर, तुकतुकीत, लांब लोंबत्या कानांची. पोर्ट्रेट मोडमध्ये फोटो काढून मामांना दाखवला. मामा चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले.

"फोटो झ्याक हाय रं. पर हिचा येक कान कामून गेला?"

कान खरंच अर्धा धूसर झालेला. मागची पार्श्वभूमी धूसर करताना शेळीची कड कुठं संपते याचा फोनने अंदाज बांधला आणि अंदाज चुकला. माणसाच्या केसांवर तो आता बऱ्यापैकी शिकलाय, शेळीचं शिक्षण बाकी आहे. शिवाय काळा रंग त्याला सोसत नाही. उजळवून उजळवून शेळी करडी करून टाकली होती. गिऱ्हाईकाला हा फोटो पाठवला तर शेळीचा भाव पडेल, असं मामांचं मत.

तेर तेरणेच्या काठावर आहे. रोमशी व्यापार करणारं जुनं तगर ते हेच. इथल्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली बघायला खरं म्हणजे वेगळा दिवस हवा. मला ओढ होती ती त्रिविक्रम मंदिराची. विटांची इमारत, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार. मूळचं बौद्ध चैत्य, पुढे विष्णूचं देऊळ झालं. विटांचा पोत टिपायला फोन जवळ नेला तर फोनने न विचारता मुख्य कॅमेरा सोडून रुंद भिंगाचा कॅमेरा धरला, जवळचं त्यानेच नीट दिसतं म्हणून. पण त्यासाठी इतकं जवळ जावं लागतं की फोनचीच सावली विटेवर पडते. दोन पावलं मागं सरून मुख्य कॅमेऱ्याने दुप्पट झूम केलं, काम झालं.

आत त्रिविक्रमासमोर बराच अंधार होता. डोळे सरावायला वेळ लागला आणि मग मूर्ती हळूहळू उमटली. त्याच जागेवरून काढलेल्या माझ्या फोटोत मात्र ट्यूबलाइट लावल्यासारखा लख्ख उजेड आहे. दगडाचा कणन् कण दिसतो. मामेभावाच्या फोटोत जवळजवळ काहीच दिसत नाही. दोन्ही फोटोंत ते देऊळ नाही. माझी या फोनबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, आणि ती त्याच्या दुबळेपणाची नाही. त्याला अंधार म्हणजे चूक वाटते. मी एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, खाली ओढून पुन्हा काढला, तेव्हा कुठे जुळलं.

परतताना मामेभावाने सरळ विचारलं, "दादा, मी घिऊ का असला? हप्त्यावर?" झूम आणि अंधारातले फोटो यांचं वेड असेल तर घे, पण नवा नको, वर्षभर जुना झालेला घे, किंमत बरीच उतरलेली असते, असं सांगितलं. दुपारभर शेतात उभं राहून वापरायचा असेल तर सावलीत ठेव. आणि तुझा आहे तो विकू नकोस, बुलेटला लागेल.

त्याने हिशेब केला. या पैशात मामांच्या किती शेळ्या येतील ते मोजून तो धाराशिव येईपर्यंत गप्प बसला. पुढे परांड्याचा किल्ला करायचा म्हणतोय. मी डिसेंबर म्हटलंय.