काकांचा हिवाळा

आमच्या शेजारच्या काकांचा हिवाळा कॅलेंडरप्रमाणे संपत नाही. गावातल्या पर्ड्यू विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ मार्चमधल्या स्पर्धेतून बाहेर पडला की संपतो. मग बाहेर थंडी असो नसो, ते गॅरेज उघडतात, बर्फ उडवायच्या मशीनमधलं उरलंसुरलं पेट्रोल नळीने डब्यात काढून घेतात, मशीनवर जुनी चादर टाकतात आणि ते कोपऱ्यात ढकलून देतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, ही यंत्राची निगा आहे. निगा आहेच, पण तिचा मुहूर्त बास्केटबॉल काढतो.

काका म्हणजे आमच्या डाव्या हाताच्या घरातले गृहस्थ. आम्ही घरात त्यांना काका म्हणतो आणि त्यांच्या बायकोला काकू. तोंडावर मात्र नावाने हाक मारावी लागते, आणि तीन वर्षं झाली तरी माझी जीभ अजून अडखळते. नवऱ्याच्या पीएचडीसाठी २०२१ च्या ऑगस्टमध्ये आम्ही इंडियानातल्या वेस्ट लाफायेटला आलो. मी त्याच्यामागून, एफ-टू व्हिसावर. या व्हिसावर नोकरी करता येत नाही. हातात वेळच वेळ, बाहेर बर्फ, आणि शेजारी बास्केटबॉलचं चालतंबोलतं विद्यापीठ. मिरजेत असताना मला बास्केटबॉलमधलं एवढंच माहीत होतं, की आमच्या शाळेच्या मैदानात त्याचा एक गंजका खांब होता आणि त्याला म्हशी बांधायचे.

इथलं कॉलेजच्या खेळाचं वेड तिकडे सांगून पटत नाही. मी ज्या विद्यापीठातून पदवी घेतली, त्याचा कबड्डीचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेत कुठवर गेला हे मला आजतागायत ठाऊक नाही. आणि इथे मॅकी अरिना नावाच्या बंदिस्त स्टेडियममध्ये विशीतल्या पोरांचा सामना बघायला चौदा हजारांवर लोक येतात. आजी येतात, कडेवर पोरं घेऊन आया येतात, ट्रॅक्टरच्या कंपनीच्या टोप्या घातलेले शेतकरी येतात. भेटल्यावर ‘नमस्कार’ ऐवजी ‘बॉयलर अप’ म्हणतात. बॉयलर बनवणारे, ही मुळात पर्ड्यूच्या पोरांना हिणवण्यासाठी ठेवलेली नावं होती म्हणे. त्यांनी ती मिरवायलाच घेतली.

मार्चमधली स्पर्धा साधी आणि क्रूर आहे. अडुसष्ट संघ, एक हार की घरी. सुरुवातीचे काही सामने होऊन चौसष्ट उरतात, त्यांचे चार गट, प्रत्येक गटात १ ते १६ मानांकन. पहिल्या फेरीत एक नंबरची गाठ सोळा नंबरशी. सामने सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी कागदावर भाकितं भरायची: ६३ सामने, कोण कोण जिंकणार. नवऱ्याने हिशेब केला, की डोळे मिटून भरलं तर ६३ च्या ६३ बरोबर यायची शक्यता साधारण ९२ परार्धांत एक. आजोबांनी एकं-दहं-शतं पाठ करून घेतलं होतं, त्यातला परार्ध आयुष्यात पहिल्यांदा कामी आला.

तर १७ मार्च २०२३, शुक्रवार. कॉलेजला वसंताची सुट्टी होती. अमेरिकन पोरं घरी किंवा समुद्रावर गेलेली, गावात उरलेले आम्ही परदेशी आणि काकांसारखे म्हातारे. काकूंनी राजम्याची खिमट म्हणता येईल अशी चिली मोठ्या भांड्यात रटरटत ठेवली होती. बेसमेंटमध्ये आठजण. पर्ड्यूला एक नंबरचं मानांकन, हंगामभर चालणारी विद्यापीठांची लीगही जिंकलेली, लीगची स्पर्धाही. संघात झॅक ईडी, सात फूट चार इंच, त्या वर्षी देशातला सर्वोत्तम खेळाडू. तो टोरांटोचा, म्हणजे आमच्यासारखाच स्टुडंट व्हिसावर. नव्या नियमाने बाकीचे खेळाडू जाहिरातींतून पैसे मिळवू लागले होते, आणि हा व्हिसामुळे अमेरिकेत राहून तसली कामं करू शकत नव्हता. हे कळल्या दिवसापासून इथल्या अख्ख्या भारतीय पोरांना तो घरचा वाटतो. आपल्याला देशातला सर्वोत्तम कोणी म्हणणार नाही, पण फॉर्म भरायचे कष्ट तेच.

समोर फेअर्ली डिकिन्सन. आदल्या हंगामात २६ पैकी चार सामने जिंकलेला संघ. आपल्या लीगची स्पर्धासुद्धा ते जिंकले नव्हते. ज्यांनी जिंकली तो मेरिमॅकचा संघ नुकताच वरच्या श्रेणीत आला होता आणि नियमाने अजून पात्र नव्हता, म्हणून यांना तिकीट मिळालं. वर देशातल्या ३६३ संघांत उंचीने सर्वांत बुटका. एक नंबरला सोळा नंबरने हरवलं असं १९८५ पासून फक्त एकदा घडलं होतं, २०१८ मध्ये, व्हर्जिनियाच्या बाबतीत.

सामन्याचं वर्णन मी करणार नाही. ते बुटके चौघे-चौघे मिळून ईडीच्या अंगाला चिकटले, आणि आपल्या पोरांनी बाहेरून तीन गुणांचे २६ प्रयत्न केले त्यातले पाच गेले, इतकं पुरे. मध्यंतराला ते एका गुणाने पुढे होते तेव्हा काका हसत होते. शेवटचं एक मिनिट उरलं असताना त्यांच्या मूर नावाच्या पोराने तीनचा मारला, ६१-५६, तेव्हा काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना टीव्ही दिसत नाही. ६३-५८ ला सामना संपला.

कोणी ओरडलं नाही. शिव्या नाहीत, रिमोट फेकणं नाही. काकूंनी चिलीचे वाडगे एकात एक रचले आणि वर नेले. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, ‘राहू दे, मला आत्ता काहीतरी घासायला हवंय.’ काका जिना चढून सरळ गॅरेजमध्ये गेले. आम्ही घरी निघालो तेव्हा अर्धवट उघडलेल्या शटरखालून दिवा दिसत होता आणि पेट्रोलचा वास येत होता.

पुढचे दोन-तीन दिवस म्हणजे निव्वळ सुतक. किराणा दुकानात पर्ड्यूचे काळे-सोनेरी स्वेटशर्ट एकदम दिसेनासे झाले. लोक एकमेकांच्या नजरा चुकवत होते, भेटले तर हवेबद्दल बोलत होते. मग रविवारपासून विनोद सुरू झाले. ते मला फार आवडले. इथले लोक हार पाढ्यासारखी म्हणून दाखवतात: २०२१ मध्ये तेरा नंबरच्या नॉर्थ टेक्सासने हरवलं, २०२२ मध्ये पंधरा नंबरच्या सेंट पीटर्सने, २०२३ मध्ये सोळा नंबरने. लायब्ररीतल्या बाई पुस्तकांवर शिक्का मारता मारता मला म्हणाल्या, ‘बरंय, सतरा नंबर नसतो.’

माझ्या घरातही एक जखम वेगळी होती. सेंट पीटर्स जर्सी सिटीतलं आणि फेअर्ली डिकिन्सनचं आवार टीनेकला, म्हणजे दोन वर्षं ओळीने आम्हाला न्यू जर्सीनेच मारलं. न्यू जर्सीत आमचा चुलतदीर राहतो. निम्मा महाराष्ट्र राहतो तिथे, तसा तोही. आदल्या आठवड्यापर्यंत त्याला ही कॉलेजं कुठल्या रस्त्यावर आहेत ते माहीत नव्हतं, आणि त्या रात्री फोनवर म्हणतो, ‘वहिनी, आमच्या पोरांनी कशी जिरवली!’ मी फोन नवऱ्याकडे दिला.

काकांचा इलाज निराळा. ते जुन्या जखमेवर जाऊन बसतात. कुठलाही नवा पराभव झाला की ते २०१९ सांगतात. लुइव्हिलचा सामना, समोर व्हर्जिनिया, जिंकलं की ‘फायनल फोर’, म्हणजे शेवटच्या चार संघांत. पर्ड्यू दोन गुणांनी पुढे, व्हर्जिनियाचा फ्री थ्रो हुकला, चेंडू कोणाच्या तरी बोटांना लागून पार मागे, अर्ध्या मैदानापलीकडे गेला. तिथून त्यांच्या छोट्या चणीच्या खेळाडूने तो उचलून लांबवर फेकला, पलीकडच्याने झेलला आणि वेळ संपता संपता टाकला. बरोबरी, जादा वेळ, हार. हे सांगताना काका स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मिठाची बाटली, मिरपूड आणि दोन चमचे मांडतात. पर्ड्यूचा कार्सन एडवर्ड्स म्हणजे मिरपूड, त्याने त्या दिवशी ४२ गुण केले होते. गंमत म्हणजे हीच व्हर्जिनिया. आदल्या वर्षी सोळा नंबरकडून हरून जगभर हसं झालेली, आणि २०१९ ला विजेती. आता सगळं गाव त्या व्हर्जिनियाचाच दाखला देत होतं: त्यांचं झालं, तसं आपलंही होईल. ‘आपल्या छातीवर पाय देऊन झालं त्यांचं,’ काका म्हणाले, आणि मिरपूड जागेवर ठेवली.

त्या वर्षी पाडवा २२ मार्चला होता, हार होऊन पाचव्या दिवशी. तांब्या मी मिरजेहून आणलेला, साडी होती, साखरेची गाठी आईने डिसेंबरमध्येच कोणाबरोबर तरी पाठवलेली. कडुलिंब इथे कुठला, म्हणून कढीपत्त्याची डहाळी. काठी तेवढी नव्हती. मी काकांचं दार वाजवून विचारलं, एखादी लांब काठी आहे का? ते आत गेले आणि झेंड्याची काठी घेऊन आले. ओसरीवर एरवी बारा महिने पर्ड्यूचा झेंडा असतो तीच. झेंडा त्यांनी शनिवारी उतरवला होता.

‘घ्या. सध्या रिकामीच आहे.’

मी गुढी उभारली तर काका-काकू बघायला आले. हे कशाचं, म्हणाले. मी पटकन बोलून गेले, ‘विजयाची पताका.’ बोलल्यावर जीभ चावली. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. काका गंभीरपणे म्हणाले, ‘कोण जिंकलं?’ मग मी शालिवाहनाची गोष्ट सांगितली. कुंभाराच्या घरी वाढलेला पोरगा, मातीचं सैन्य केलं, त्यात प्राण फुंकले, बलाढ्य शत्रूला हरवलं. सांगताना लक्षात आलं, की हा तर सोळा नंबरचाच संघ. काकांच्याही लक्षात आलं असावं, पण ते तसं काही बोलले नाहीत.

‘केव्हाची गोष्ट?’

‘आज शके १९४५ सुरू झालं.’

‘एका विजयावर १९४५ वर्षं?’ त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. पर्ड्यू शेवटचं फायनल फोरला गेलं होतं १९८० मध्ये, तेव्हा काका इथेच दुसऱ्या वर्षाला होते. ‘आमची त्रेचाळीसच झाली. मग वेळ आहे अजून.’

नोव्हेंबरात परतफेड झाली. एकोणीस तारखेची वर्ल्ड कपची फायनल इथे पहाटे साडेतीनला सुरू झाली, आणि सकाळी अकराच्या आधी ट्रॅव्हिस हेडने आमचा रविवार संपवला होता. काकूंना घरात दिवा दिसला होता. काका केळ्याचा केक घेऊन आले. ओळीने दहा सामने जिंकून अकरावा हरलो, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे तुम्हीही पर्ड्यूच.’

२०२४ मध्ये पुन्हा एक नंबरचं मानांकन. पहिल्या फेरीत ग्रॅम्बलिंग स्टेट, सोळा नंबर. काका तो सामना उभ्याने बघत होते. ७८-५० ने जिंकलो तेव्हा कुठे बसले. मग युटा स्टेट, गोन्झागा, आणि डेट्रॉइटला टेनेसी, ज्यात ईडीने एकट्याने ४० केले. चव्वेचाळीस वर्षांनी फायनल फोर. काका रडले की नाही ते माहीत नाही, चष्मा खिशात होता. उपांत्य फेरीत नॉर्थ कॅरोलायना स्टेटलाही हरवलं, आणि फायनल ठरली कनेक्टिकटशी, ८ एप्रिलला, सोमवारी.

त्याच दुपारी सूर्यग्रहण. खग्रासचा पट्टा आमच्या गावाच्या थोडा दक्षिणेकडून गेला. लोक गाड्या काढून तिकडे गेले, आम्ही कागदी चष्मे लावून काकांच्या अंगणात बसलो आणि नखाएवढा सूर्य उरलेला बघितला. भर दुपारी उजेड करडा झाला, पाखरं गप्प झाली. तिकडून आईचा फोन: ‘सोमवती अमावास्या, त्यात ग्रहण, आणि त्याच दिवशी फायनल? तारीख काढली कोणी?’ मी हे काकांना भाषांतर करून सांगितलं. ते म्हणाले, आईंना सांगा, कनेक्टिकटलाही अमावास्याच आहे.

कनेक्टिकटला ती बाधली नाही. ७५-६०. ईडीचे ३७, बाकी सगळ्यांचे मिळून तेवीस. बाहेरून तीनचा फक्त एक गेला. पण ती रात्र मागच्यासारखी नव्हती. साडेअकरा वाजून गेले तरी कोणी उठलं नाही. काकूंनी भांडी तशीच ठेवली. कोणीतरी म्हणालं, समोरचे चांगलेच खेळले की. सगळ्यांनी मान डोलावली. एवढं साधं वाक्य मागच्या वर्षी कोणाच्या तोंडून निघालं नसतं.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी अर्थातच पाडवा. सकाळी काठी मागायला निघाले आणि खिडकीतूनच परत फिरले. काकांच्या ओसरीवर झेंडा होता. शेवटी फरशी पुसायच्या मॉपचा दांडा काढला, त्याला साडी नेसवली, तांब्या पालथा घातला आणि कठड्याला बांधला. काका गॅरेजच्या दाराशी उकिडवे बसून नळीने पेट्रोल काढत होते. नऊ एप्रिल. इतका उशीर कधीच झाला नव्हता, काकू म्हणाल्या.

त्यांनी मान वर करून गुढीकडे पाहिलं.

‘यंदा १९४६ ना?’

‘हो.’

‘दांडा कललाय तुमचा,’ ते म्हणाले आणि पेट्रोलचे हात फडक्याला पुसत तार आणायला आत गेले.