भिड्यांची सोनू यंदा कितवीत?

दैनंदिन मालिकेत सण अगदी वेळेवर येतात. संक्रांतीला हलव्याचे दागिने, श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गणपती. चॅनेल पंचांगाला धरून चालतं. असे चार गणपती येऊन जातात, तरी घरातला चिमुरडा अजून दुसरीतच असतो. त्याची इयत्ता सरकत नाही, कारण कथानकच सरकलेलं नसतं. एका गैरसमजाचा ट्रॅक सहा महिने पुरवून खायचा असतो. इकडे ते काम करणारा मुलगा मात्र स्वतःच्या शाळेत सहावीत पोचलेला असतो.

सासूचे केस रंगवता येतात, नायकाचं पोट कोटाखाली दडवता येतं. मुलाच्या वाढीवर मेकअपमनकडे औषध नाही.

कटकट सुरू होते दातांपासून. सहाव्या-सातव्या वर्षी आधी खालचे आणि मग वरचे पुढचे दोन दात पडतात, नवे पूर्ण उतरायला काही महिने जातात. चित्रीकरण काही कथेच्या क्रमाने होत नाही. दिवाणखान्यातले तीन-चार एपिसोडचे सीन एका दमात उरकतात, मग कॅमेरा स्वयंपाकघरात जातो. मधल्या दोन दिवसांत दात पडला, तर पडद्यावर मूल पाणी प्यायला आत जातं आणि बोळकं घेऊन बाहेर येतं. अमेरिकेत यासाठी बालकलाकाराला काढता-घालता येणारी दातांची छोटी पट्टी करून देतात. आपल्याकडे त्याहून स्वस्त आणि माझ्या मते जास्त चांगला उपाय आहे, तो म्हणजे संवाद घालणं. पडलेला दात उंदराच्या बिळात टाकायचा की कौलावर, यावर आजी-नातवाचा दोन मिनिटांचा सीन आरामात निघतो.

उंचीचं गणित जास्त छळतं. सहा ते दहा वर्षांचं मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. मुलांची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ येतो तेव्हा हाच आकडा आठ-दहावर जातो. आणि मुलींचा तो काळ मुलांच्या जवळपास दोन वर्षं आधी येतो. म्हणजे अकरा वर्षांचा दादा आणि दहा वर्षांची धाकटी अशी जोडी निवडली, की वर्षभरात धाकटी दादाच्या डोक्यावरून बघायला लागते. मग दिग्दर्शक दोघांना सोफ्यावर बसवतो, एकाला जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं करतो, नाहीतर दादाच्या पायाखाली लाकडी पेटी सरकवून फ्रेम कमरेच्या वर कापतो. राखीपौर्णिमेच्या एपिसोडमध्ये ओवाळणं पाटावर बसून होतं, तेवढाच दिलासा.

आवाज फुटण्यावर तर तोडगाच नाही. हल्ली मालिकांचा आवाज बहुतेक सेटवरच घेतात. बारा-तेराव्या वर्षी घोगरेपणा सुरू झाला की तो जसाच्या तसा घरोघरी ऐकू येतो, आणि जुन्या आठवणींचा फ्लॅशबॅक लावला की एकाच एपिसोडमध्ये त्याच पात्राचे दोन आवाज वाजतात.

सेटवरचा मुलाचा दिवस मोठ्यांपेक्षा वेगळा आखावा लागतो. 2016 साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2017 साली तिचे नियम आले. त्यानुसार चौदा वर्षांखालच्या कलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांच्या वर बोलावता येत नाही. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते आणि जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के वाटा राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत जातो आणि तो सज्ञान झाल्यावर त्याला मिळतो. मोठ्यांची शिफ्ट बारा तासांची आणि मुलाचे तास पाच, तेव्हा काटकसर करावी लागते. मुलाचे क्लोजअप आधी उरकायचे, त्याला मोकळं करायचं, आणि मग आईने त्याच्या जागी उभ्या असलेल्या सहायक दिग्दर्शकाकडे बघत डोळ्यांत पाणी आणायचं. पडद्यावर हुंदके देत लेकराला समजावणाऱ्या आईसमोर पुष्कळदा कॉलर माइक लावलेला, दाढी वाढलेला तरुण ‘आई, तू रडू नकोस’ म्हणत उभा असतो.

तान्ह्या बाळांचा प्रश्न तर आणखी निराळा. कॅलिफोर्नियात सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दिवसात फक्त वीस मिनिटं कॅमेऱ्यासमोर ठेवता येतं. म्हणून तिकडे जुळी शोधतात. ‘फुल हाउस’मध्ये 1987 ते 1995 मिशेलचं एकच काम मेरी-केट आणि अ‍ॅश्ली ओल्सन या जुळ्या बहिणी आलटून-पालटून करत होत्या. आपल्याकडे बारशाच्या सीनला खरं बाळ, पुढे दुपट्यात गुंडाळलेली बाहुली आणि वरून रडण्याचा आवाज, अशी जुनी रीत आहे. मूल दुपट्यात आहे तोवर खरं तर सगळं सोपं असतं.

वाढणारं मूल कथेत कसं मुरवायचं, याचे परदेशी प्रयोग बघण्यासारखे आहेत. बेटावर अडकलेल्या विमान प्रवाशांची ‘लॉस्ट’ ही अमेरिकी मालिका सप्टेंबर 2004 मध्ये सुरू झाली. पहिल्या सिझनभर बेटावरचा जेमतेम दीड महिना सरतो, प्रेक्षकांचं मात्र अख्खं शालेय वर्ष जातं. वॉल्टचं काम करणारा मॅल्कम डेव्हिड केली तेव्हा बारा वर्षांचा होता, म्हणजे ऐन वाढीत. कथेचे दिवस असेच मुंगीच्या पावलांनी चालणार होते. मग सिझनच्या शेवटी वॉल्टला पळवून नेण्यात आलं आणि पुढे तो अधूनमधूनच दिसला. तेराव्या वर्षाला अपहरणाने उत्तर!

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ने उलट केलं. गॅटन मॅटराझो या मुलाला जन्मतः असलेल्या विकारामुळे दात उशिरा आणि कमी येतात. लेखकांनी ते डस्टिनच्या पात्रातच घातलं, आणि दुसऱ्या सिझनमध्ये त्याला दात आले तेव्हा तो ते मिरवत फिरला. इतकं झकास जमलेलं गणित पुढे दोन सिझनमधल्या अंतराने बिघडवलं. कथा 1983 ते 1987, म्हणजे चार वर्षांची. प्रसारण 2016 ते 2025. शाळकरी मुलांची कामं शेवटी विशी ओलांडलेली मंडळी करत होती. चौथ्या सिझनमध्ये इलेव्हन या नायिकेचं बालपण दाखवायची वेळ आली तेव्हा लहान मुलीच्या शरीरावर मिली बॉबी ब्राउनचा जुना चेहरा संगणकाने बसवावा लागला. ‘टू अँड अ हाफ मेन’ची पंचाईत आणखी मजेशीर. त्या नावातला अर्धा पुरुष म्हणजे अँगस टी. जोन्स 2003 साली जेमतेम दहाचा होता. तो वाढून मालिकेतून बाहेर पडला, पाटी मात्र तीच. शेवटच्या सिझनमध्ये दत्तक घ्यायला लुई नावाचा नवा मुलगा आणला.

आपल्या दैनंदिन मालिकांनी या सगळ्यावर एकच रामबाण शोधला आहे: लीप, म्हणजे कथेने एकदम काही वर्षं पुढे मारलेली उडी. मूल धावत येतं, देवळाची घंटा वाजते, कॅमेरा पायांवर जातो आणि वर येतो तो थेट तरुण नायिकेवर. ओळख पटावी म्हणून गळ्यात तेच लॉकेट. लीप पाच वर्षांचा असतो, पंधरा वर्षांचा असतो, एका वर्षाचा सहसा नसतो. छोटा लीप हवाच असेल तर मुलाला पाचगणीच्या बोर्डिंगात धाडतात.

‘बालिका वधू’ 2008 साली अविका गौरच्या आनंदीपासून सुरू झाली. 2010 साली कथा काही वर्षं पुढे गेली आणि आनंदी प्रत्युषा बॅनर्जी झाली. कथेतल्या तरुण आनंदीसाठी अविका लहान ठरली. गंमत पुढे आहे. 2011 साली ‘ससुराल सिमर का’ सुरू झाली आणि तिथे तीच अविका मोठ्या, लग्नाच्या वयाच्या रोलीच्या भूमिकेत उभी राहिली. तेव्हा तिला चौदावं वर्षही पूर्ण नव्हतं. याला गंमत म्हटलं खरं, पण ती जरा कडवटच आहे.

चरित्रावरच्या मालिकांत मात्र हा सांधा बदलणं सहज वाटतं, कारण मुक्काम आधीच ठरलेले असतात. ‘उंच माझा झोका’त तेजश्री वालावलकरची छोटी रमा पाटी-पेन्सिलीशी झगडली, पुढे स्पृहा जोशीने तिला न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात मोठं केलं. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मध्ये दिवेश मेदगेकडून सूत्रं अमोल कोल्हे यांच्याकडे गेली. शंभूराजांचा जन्म 1657चा, आग्र्याची भेट 1666ची. तिथे नऊ वर्षांचंच पोर दिसायला हवं आणि तो प्रसंग होईपर्यंत त्याच्या मिसरूडाने थांबायला हवं, हे लेखकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. सामाजिक मालिकेत तसं काही बंधन नाही, म्हणून कुणी आखतच नाही.

या सगळ्यात ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ हा विलक्षण नमुना आहे. 28 जुलै 2008 ला सुरू झालेली ही मालिका चार हजार एपिसोडांच्या पुढे गेली, आणि गोकुलधाम सोसायटीतल्या मुलांची टोळी, म्हणजे टप्पू सेना, लीपच्या उडीशिवाय, रोज थोडी थोडी वाढली. भव्य गांधीने टप्पू 2017 पर्यंत केला, म्हणजे गालाच्या गोबरेपणापासून दाढीपर्यंत. कुश शहा गोली म्हणून सोळा वर्षं राहिला. शाळेच्या दप्तरातून मंडळी कॉलेजच्या सॅकपर्यंत आली, आणि भिडे मास्तर त्यांना शिकवत शिकवत केसांनी विरळ होत गेले. या मास्तरांची मुलगी, भिड्यांची सोनू, मात्र चौघींमध्ये वाटली गेली: झील मेहता, 2012 पासून निधी भानुशाली, 2019 पासून पलक सिधवानी, 2024 पासून खुशी माळी. मंदार चांदवडकर आणि सोनालिका जोशी, आई-वडील तेच. लोणची-पापडाचा धंदा तोच. सखाराम स्कूटरही तीच. चेहरा बदलला त्या दिवशी सोसायटीत कुणी चकार शब्द काढला नाही, आणि प्रेक्षकांनीही आठवड्याभरात सोडून दिलं. चेहरा बदलणं आपण पटकन पचवतो. वय न बदलणंच घशात अडकतं, असं मला वाटतं.

नवल याचं वाटतं की मूल दिसामासांनी वाढताना दाखवण्याएवढे दिवस फक्त दैनंदिन मालिकेकडे आहेत. आठवड्याला सहा एपिसोड धरले तरी वर्षाला तीनशेच्या वर होतात. चित्रपटाला दोन-अडीच तास, वेबसिरीजला आठ-दहा भाग. त्यांनी उड्या मारल्या तर समजू शकतं. ज्यांच्याकडे वर्षाचे तीनशे दिवस आहेत, तेच पंधरा वर्षं ओलांडून जातात.

करायचं म्हटलं तर खर्च फार नाही. लेखकांच्या खोलीत एक तक्ता लावायचा: पात्राचं वय, कलाकाराचं वय, उंची, दात, आवाज. दर तीन महिन्यांनी भरायचा. भावा-बहिणीची जोडी निवडताना मुलगा दोन-तीन वर्षांनी मोठा घ्यायचा, म्हणजे तिची उंची पुढे सरकेपर्यंत थोडी सवड मिळते. शाळेचा गणवेश एक माप मोठा शिवून आत दुमड घालायची आणि जूनमध्ये ती उसवायची. त्याच आठवड्यात नव्या इयत्तेच्या वह्यांना कव्हरं घालायचा एक सीन टाकायचा. तीन-चार ओळींचा संवाद पुरतो, आणि कव्हरं घालायला घरातले सगळे जमतात, त्यामुळे तिथेच गैरसमजाचा ट्रॅकही पुढे रेटता येतो.