सांगलीची एमजी आणि एक अनोळखी टर्नर

एमजी टीसीच्या इंजिनाला पहिल्यांदा पाना लावणारा माणूस हमखास फसतो. ही जुनी स्पोर्ट्स गाडी इंग्लंडची, म्हणून तो इंची पाने काढतो. व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचा पाना बोल्टच्या डोक्यावर चपखल बसतो, बोल्ट सुटतो, आणि आटेही इंचीच असणार अशी त्याची खात्री होते. तसे ते नसतात. डोकं व्हिटवर्थचं, आटे मिलिमीटरचे. तेही आपल्या हार्डवेअरच्या दुकानातले नव्हेत. दुकानात आठ एमएमचा बोल्ट मागितला तर १.२५ पिचचा मिळतो, पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर. या इंजिनातला आठ एमएमचा बोल्ट १ एमएम पिचचा आहे.

याचं कारण जुनं आहे. हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंग्लंडात कॉव्हेंट्रीला कारखाना होता. तो १९२३ साली मॉरिस या इंग्रज मोटार कंपनीकडे आला. तिथली यंत्रं फ्रेंच मापांची. ती सगळी मोडीत काढण्यापेक्षा आटे तसेच ठेवले, आणि तिथल्या मिस्त्रींकडचे पाने चालावेत म्हणून बोल्टची डोकी इंग्रजी केली. पुढे त्याच घराण्यात टीसीचं एक्सपीएजी इंजिन जन्मलं, १२५० सीसीचं, आणि ही खिचडी त्याच्याही वाट्याला आली.

खरा धोका पुढे आहे. पाच-सोळांश इंचाचा बीएसएफ, म्हणजे इंग्रजी बारीक आट्यांचा बोल्ट ७.९४ एमएम जाडीचा असतो, म्हणजे हाताला आठच वाटतो. त्याला इंचात २२ आटे, म्हणजे पिच साधारण १.१५. तो या इंजिनात बोटांनी दोन-तीन फेरे सहज जातो आणि मग जड होतो. जाणत्याचा हात तिथे थांबतो. अडाणी माणूस पान्याला पाइप लावतो. बोल्ट बसतो, पण ब्लॉकमधले बिडाचे आटे कायमचे जातात.

सांगलीहून माझ्याकडे आलेल्या टीसीत असे बळजबरीने कोंबलेले बोल्ट जागोजागी होते. सातारच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. आठवडाभर जॉबवर्क चालतं आणि त्यावर घर चालतं. जुन्या गाड्या ही माझी हौस. माझी स्वतःची स्टँडर्ड हेरल्ड आहे, मद्रासला तयार झालेली. तिच्यावर हात बसला आणि मग लोक आपापल्या गाड्या घेऊन यायला लागले. पण टीसी म्हणजे वेगळंच प्रकरण. १९४५ ते १९४९ या काळात ॲबिंग्डनला अशा सुमारे दहा हजार गाड्या झाल्या. १९ इंची तारांची चाकं, पुढे दुमडणारी काच, मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली दारं. ड्रायव्हरच्या समोर इंजिनाचे फेरे दाखवणारं घड्याळ, आणि वेगाचं घड्याळ शेजारी बसणाऱ्यासमोर! कारखान्याला ड्रायव्हरकडून काय अपेक्षा होती ते यावरून कळतं. मला ही गाडी मनापासून आवडते.

ही गाडी सांगलीच्या गावभागात एका वाड्यात पडून होती. २०१९च्या महापुरात गावभागात पाणी शिरलं तेव्हा ती विटांच्या थप्प्यांवर उभी होती, तरी पाणी दारांच्या खालच्या कडेपर्यंत चढलं. त्यानंतर मालकांनी ती एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या गॅरेजला दिली. त्या गॅरेजने वरून रंग चकाचक केला, खालचं सडलेलं लाकूड पुट्टीने भरलं, आणि इंजिनात ते बोल्ट हाणले. १४चा रिंग पाना लावून डोक्यांचे कोपरे गोल केलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. या बोल्टचं डोकं १३.३ एमएमचं, १३चा पाना बसत नाही आणि १४चा घसरतो. एसी ऑफिस, कॉफीचं मशीन, भिंतीवर फेरारीचे फोटो, आणि आट्यांचं पिच मोजायला पाचपन्नास रुपयांचं गेज कुणी हातात घेतलं नाही. मला याचा संताप येतो, कारण बिल त्यांनी टीसीच्या नावाचं लावलं होतं.

गाडी रिस्टोअर करणं म्हणजे सारखं पाने चालवणं, असं बघणाऱ्याला वाटतं. निम्मं काम लेबलं लावायचं, फोटो काढायचं, आणि गंजलेल्या सांध्यावर तेल सोडून दुसऱ्या दिवसाची वाट बघायचं असतं. ते सांगण्यासारखं नाही. सांगायचा आहे तो ऑइल पंप उघडला आणि बॉडी उचलली तो दिवस.

सकाळी पंप काढला. या इंजिनाचा पंप ब्लॉकच्या बाजूला, तेलाच्या पातळीच्या वर बसतो. तेल उतरून पंप कोरडा पडला की तो स्वतःहून तेल ओढत नाही, आधी तेल भरून त्याला प्राइम करावं लागतं. ते न करता इंजिन चालू केलं तर बेअरिंगचा निकाल लागतो. म्हणून पंपाची तपासणी मी कधीच पोरांवर सोडत नाही. एकेक बोल्ट काढून पिच गेजला लावत होतो. बहुतेक मूळचे. एक कोंबलेला बीएसएफ. आणि दोन बोल्ट असे निघाले की मी ते घेऊन उजेडात गेलो.

आटे बरोबर १ एमएमचे, स्वच्छ, कडा न मोडलेले. डोकं १३.३, व्हिटवर्थच्या पान्याचं. पण हे कारखान्याचे नव्हेत. डोक्याच्या सहाही पैलूंवर कानशीचे ओरखडे होते, सगळे एकाच तिरक्या दिशेचे. कुणीतरी गोल सळईतून हे बोल्ट खरादून काढले होते आणि पैलू हाताने घासले होते. ओरखड्यांत बसलेलं काळं तेल दगडासारखं झालेलं. त्या नावाजलेल्या गॅरेजच्या कितीतरी आधीचं काम.

माझा टर्नर लेथवर आयुष्य काढलेला माणूस आहे. त्याने भिंग लावून आटे बघितले. म्हणाला, "मालक, ही डाय न्हाई. टूलनं मारल्यात आटं." मी विचारलं, जुन्या लेथवर? तो हसला. "मग एकशेसत्तावीसचं गिअर लावलं असंल बगा."

याचा अर्थ बाहेरच्या माणसाला कळायचा नाही, म्हणून सांगतो. डाय म्हणजे आटे पाडायचं तयार हत्यार. टूलने मारायचे म्हणजे लेथवर एकेक काप घेत काढायचे. त्या काळच्या लेथचा लीडस्क्रू, म्हणजे टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू, बहुधा इंची असे. इंच म्हणजे २५.४ एमएम. इंची लेथवर तंतोतंत मेट्रिक आटे काढायचे तर १२७ दात्यांचं गिअर मध्ये घालावं लागतं, कारण २५.४ला पाचाने गुणलं की १२७ येतात. शिवाय टूलला लीडस्क्रूशी जोडणारा हाफनट दर फेरीला सोडता येत नाही. टूल मागे घेऊन लेथ उलटी फिरवायची, पुन्हा सुरुवातीला यायचं, पुन्हा केसभर खोल काप घ्यायचा. दोन बोल्टसाठी एवढा खटाटोप! आणि त्याच्याही आधी त्या माणसाला कळलं होतं की डोकं इंची असून आटे मेट्रिक आहेत. पुस्तक नसताना, विचारायला कुणी नसताना. दोन-तीन फेऱ्यांनंतर बोल्ट जड झाला तेव्हा त्याचा हात थांबला आणि त्याने माप घेतलं.

असा माणूस या भागात सापडणं नवलाचं नाही. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, सातारला कूपरचा कारखाना. नांगर आणि इंजिनं करता करता इथे टर्नर-फिटरांच्या पिढ्या तयार झाल्या. त्यांचं नाव कुठल्याही गाडीवर नसतं. यातल्याच कुणाचे तरी ते हात असावेत असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

दुपारी चेन पुलीने बॉडी उचलली. टीसीची बॉडी म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर पत्रा. लाकूड ॲश नावाच्या झाडाचं, लवचीक, धक्का पचवणारं, पण आपल्या दमट हवेत त्याला भुंगा लागतो. अपेक्षेप्रमाणे खालच्या दोन्ही तुळया कुजलेल्या. स्क्रूड्रायव्हर आत जात होता. उजव्या दाराचा मागचा खांबही गेलेला. टीसीत दाराचं सगळं वजन या मागच्या खांबावर येतं, बिजागऱ्यांचे स्क्रू तिथेच, त्यामुळे तो आधी फाटतो. डाव्या बाजूची पुट्टी खरवडली, तर आत तांबूस-काळपट लाकडाचा खांब उभा. पुराचं पाणी त्याच्याही पायाशी चढलं होतं. पटाशीची धार त्यावर टेकवून पाहिली, तर टणक लाकडावर ती वाजली.

करंज्याहून सुतारमामांना बोलावलं. त्यांच्या वडिलांनी बैलगाड्या केल्या, त्यांनी स्वतः पोरवयात चाकांचे मधले तुंबे आणि आरे तासलेत. त्यांनी कोपऱ्यातून एक छिलका काढला, बोटांत मोडून बघितला.

"बाभूळ हाय. गाभ्याची. आन चांगली पाण्यात मुरवून वाळवल्याली."

"मामा, ॲशच्या जागी चालेल?"

"चालंल म्हंजे? बैलगाडीचा तुंबा हिचाच करत्यात. तुमच्या दाराचं वजन ते काय."

मग त्यांनी मला स्क्रू दाखवले. सगळे पितळी. बाभळीत टॅनिन भरपूर, म्हणून तर तिची साल कातडं कमवायला वापरतात. त्या लाकडात लोखंडी स्क्रू मारला की त्याच्याभोवती काळं पडतं आणि हळूहळू स्क्रू आणि भोक दोन्ही खराब होतात. खांब बसवणाऱ्याला हे ठाऊक होतं. खालच्या तुळईशी केलेला सांधा मूळच्यासारखाच अर्ध्या खाचेचा. आत कागद सरकत नव्हता. बोल्टवाला आणि हा एकच माणूस होता की दोघं, कोण जाणे. पण दोघांनीही कारखान्याने काय केलं ते आधी समजून घेतलं आणि मग हाताशी होतं त्यातून तेच केलं.

संध्याकाळी मालक सांगलीहून आले. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, मला काका म्हणतात. गाडीवर त्यांचं प्रेम आहे यात शंका नाही. त्यांनी इंग्लंडहून ॲशच्या लाकडाचा पूर्ण संच मागवलेला आहे, मशिनवर कापलेला, प्रत्येक तुकड्यावर नंबर टाकलेला. त्यांना व्हीए मालिकेचा, म्हणजे विंटेज गाड्यांना मिळणारा नंबर घ्यायचा आहे आणि मग गाडी मुंबईला जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात न्यायची आहे. मी त्यांना बोल्ट दाखवले, खांब दाखवला.

"काका, लय भारी आहे हे. पण काढायलाच लागंल की. परीक्षक मार्क कापतात. ओरिजिनल पाहिजे."

मी म्हटलं, "दादा, पुरात कुजलं ते ओरिजिनल होतं. टिकलं ते हे."

ते काही बोलले नाहीत. त्यांच्यासोबत त्यांचे आबा होते, काठी टेकत आलेले. त्यांना इतकंच आठवतं की ते शाळेत असताना एकदा दार निखळून पडलं होतं, गाडी बरेच दिवस घरी नव्हती, आणि परत आली तेव्हा दार "कपाटागत" लागत होतं. कुठे नेली होती, कुणाकडे, हे त्यांना सांगता येईना. त्यांच्या वडिलांना माहीत असणार, पण ते आता नाहीत.

व्हीएच्या नियमाचा प्रश्न मी तपासला आहे. केंद्राने २०२१ साली आणलेल्या नियमांत पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडीचा साचा किंवा इंजिनात मोठा बदल नको, असं म्हटलंय. साचा तोच, माप तेच, सांधा तोच. लाकडाच्या जातीबद्दल त्यात अवाक्षर नाही. माझ्या मते या खांबाने कुठलाही नियम मोडत नाही. राहिले परीक्षक. हातात कॅटलॉग घेऊन आरशाने गाडीच्या पोटाखाली बघणारी ही मंडळी मी जवळून पाहिली आहेत. परदेशातून काल आलेला नवा कोरा स्क्रू त्यांना मूळचा वाटतो आणि साठ-सत्तर वर्षं गाडीत राहिलेला खांब उपरा वाटतो. या हिशेबाने चाललो तर आपल्या देशातली प्रत्येक जुनी गाडी आतून परदेशी संचाची होईल आणि ती इथे कशी जगली याची एक खूण उरणार नाही.

बोल्टांबद्दल मी कुणाला विचारलं नाही. ते इंजिनाच्या आत जाणारं काम आणि इंजिनाची जबाबदारी माझी. दोन्ही बोल्ट साफ करून त्याच भोकांत परत बसवले. कोंबलेल्या बीएसएफने आटे घालवलेली भोकं टर्नरने बुश बसवून नव्याने १ एमएमची करून घेतली, आणि जे बोल्ट कमी पडले ते त्याने तसेच खरादून केले. पैलूसुद्धा मिलिंगवर न घेता कानशीने घासले, तो हट्ट त्याचा. पंप प्राइम करून इंजिन स्टँडवर चालवलं. गरम झाल्यावरही तेलाचा दाब पन्नास पीएसआयच्या आसपास राहिला. गळती नाही.

लाकडाचं मात्र मालकाचं चालणार. खालच्या तुळया आणि उजवा खांब इंग्लंडच्या संचातून बसवले. ते लाकूड उत्तम आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. डावा खांब अजून उभा आहे. त्यावर दार लावलंय, चारी बाजूंची फट सारखी येते. संचातला डाव्या खांबाचा तुकडा पेटीतच ठेवलाय. रविवारी दादा येणार आहेत. आबांनाही घेऊन या, असं मी फोनवर सांगितलंय. आधी दोन्ही दारं उघडझाप करून बघू, मग पटाशी कुठे लावायची ते बोलू.