मस्कीचा कातळ आणि हट्टीची शीर

कर्नाटकातल्या मस्कीला लोक अशोकाचा शिलालेख पाहायला जातात. मलाही तो पाहायचा होताच, पण खरी ओढ होती ती तो सापडला कसा, या गोष्टीची. 1915 साली सी. बीडन नावाचा एक खाण अभियंता निजामाच्या मुलखातल्या या टेकड्यांवर सोनं शोधत हिंडत होता. त्याला दिसली ती कातळावर कोरलेली ब्राह्मी अक्षरं. तोवर इतर शिलालेखांमधला ‘देवानंपिय पियदसि’ हा राजा म्हणजे अशोकच, हे सिंहलद्वीपातल्या ग्रंथांच्या आधाराने मानलं जात होतं. या कातळावर मात्र ‘देवानंपियस असोकस’ असं राजाचं नावच निघालं.

सोलापूरहून रेल्वेने रायचूर आणि पुढे बस. रायचूरचं ऊन फेब्रुवारीतच अंगावर येतं, आणि तिथला मुक्काम मला अजिबात आवडला नाही. मस्कीत मात्र बसमधून उतरल्यावर वाट विचारली, तर एक म्हातारे बाबा सरळ माझ्याबरोबर टेकडीपर्यंत चालत आले.

“असोका का पत्थर देखने आए?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, आणि इथे सोनं शोधायला आलेल्या साहेबाची जागाही बघायची आहे. बाबा थांबले. “सोना तो हमारे लोगां निकालते थे, अम्मा. साहेब लोगां बाद में आए.”

हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही, कारण ते शब्दशः खरं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मस्कीजवळच्या हट्टीत इंग्रज कंपनीने सोन्याची खाण चालवली, तेव्हा कुठे खणायचं हे सांगायला जुने खड्डे तिथे होतेच. हट्टीचं प्राचीन खोदकाम सुमारे 640 फूट खोल गेलेलं आढळलं. त्यातल्या लाकडाचं कार्बन-14 पद्धतीने काढलेलं वय साधारण दोन हजार वर्षं भरलं. सुरुंगाची दारू नाही, पाणी उपसायला यंत्र नाही. खडकाला जाळ लावून तो तापवायचा, तडकला की लोखंडी हत्याराने फोडायचा. एवढ्या खोलीवर, त्या धुरात माणसं कशी टिकत असतील, या विचाराने माझा जीव घुसमटतो. आपल्याकडे ‘सोन्याचा शोध’ म्हटलं की साहेबांची नावं सांगितली जातात, याचा मला मनापासून राग येतो. बीडनबद्दल मला आदर आहे, पण या मुलखात खडकातल्या सोन्याच्या शिरा हुडकणारे पहिले लोक तो यायच्या दोन हजार वर्षं आधी होऊन गेले.

मी कातळापाशी बराच वेळ बसले. मधे एक जीप आली, फोटो झाले, जीप गेली. लेखाच्या शेवटी राजा सांगतो की धर्माने वागणाऱ्या लहान माणसालाही मोठं ध्येय साध्य होतं, ते फक्त मोठ्यांनाच मिळतं असं समजू नये. हे वाचताना मला त्या खाणकऱ्यांचीच आठवण येत होती.

दुसऱ्या दिवशी हट्टी. परवानगीशिवाय खाणीत सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण बाहेरही पाहण्यासारखं खूप आहे. इथला काळा खडक पाहून आपल्याला सह्याद्रीतल्या कातळाची आठवण होते, कारण मुळात हाही लाव्हाच. मात्र आपला दख्खनचा बेसाल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा, आणि हा अडीचशे कोटींहून जुना. दाब आणि उष्णतेने त्याचं पार रूप पालटलं आहे. तो दाबाखाली जिथे चिरडला गेला, तिथल्या उभ्या भेगांमधून खालून गरम पाणी चढलं. भेग उघडली, गारगोटीने भरली, पुन्हा उघडली, पुन्हा भरली. पाण्यातलं सोनं गंधकाला धरून होतं. काळ्या खडकातल्या लोहाने ते गंधक ओढून घेतलं, त्याचे पायराइटसारखे सल्फाइड, म्हणजे लोह-गंधकाची खनिजं, झाले आणि सोनं तिथेच बसलं. म्हणून नुसती पांढरी शीर पाहून भागत नाही, तिच्या कडेचा बदललेला खडकही तपासावा लागतो. इथे अशा अनेक शिरा एकमेकींना समांतर आहेत. खाणीतले लोक त्यांना रीफ म्हणतात: मेन रीफ, मिडल रीफ, ओकलीज रीफ, व्हिलेज रीफ. एवढं करून एक टन दगडामागे हाती येतं ते काही ग्रॅम सोनं, आणि तेही बहुतेक डोळ्यांना न दिसणारं.

इंग्रजांची खाण 1920 च्या सुमारास बंद पडली. आजची कंपनी 1947 साली स्थापन झाली आणि अजून चालू आहे. कोलारची खाण 2001 मध्ये थांबल्यापासून देशातलं खाणीचं सोनं मुख्यतः इथूनच येतं.

जाता जाता एक. अशोकाच्या दक्षिणेतल्या प्रांताचं ठाणं होतं सुवर्णगिरी, आणि तिथल्या राजपुत्राचा उल्लेख कर्नाटकातल्याच ब्रह्मगिरीच्या अशोकलेखात आहे. ते गाव नेमकं कोणतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी मस्कीचा परिसर म्हणतं, कुणी जवळचं कनकगिरी. मला तरी वाटतं, राजाने ठाणं सोन्याच्या शिरांजवळच ठेवलं असणार. कनकगिरी या खेपेला राहिलं. थंडीत जाणार आहे, आणि रायचूरला मुक्काम करणार नाही.