उरण ते ताश्कंद: आमची वाटचाल

आमचं भाताचं शेत पोर्टसाठी गेलं. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो. पुढे त्याच बंदराच्या कागदांवर घर चाललं. बारा वर्षं एका सीएचएकडे (कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एजंटकडे) फायली घेऊन धावपळ केली आणि २०११ मध्ये बेलापूर स्टेशनच्या संकुलात एक टेबल भाड्यानं घेऊन फॉरवर्डिंग, म्हणजे लोकांचा माल परदेशी पोचवायचं काम, सुरू केलं. पहिल्या तीन वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. दुबई, कोलंबो, मोम्बासा. माल गेला, बिल निघालं, पैसे उशिरा आले.

२०१४ मध्ये रबाळ्याच्या एका औषध कंपनीनं विचारलं, "ताश्कंदला पाठवाल का?" मी आधी हो म्हणालो, मग नकाशा उघडला. उझबेकिस्तानला समुद्र नाही, आणि त्याच्या शेजाऱ्यांपैकीही एकाला नाही (कॅस्पियनला मी तळंच धरतो). असे देश जगात दोनच, दुसरा लिख्टेनश्टाइन. रात्री बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "दर्याच नाय, त बोट लागल कुठं?"

बोट लागते इराणच्या बंदर अब्बासला. तिथवर सोपं. पण शिपिंग लाइन सहसा आपला कंटेनर त्यापलीकडे जाऊ देत नाही. मग माल बंदरात उतरवून ताडपत्रीच्या ट्रकमध्ये भरायचा, नाहीतर स्वतःचा कंटेनर घ्यायचा आणि तो परत येणार नाही असं धरून चालायचं. पुढे मशहद, सराख्सची सीमा, तुर्कमेनिस्तान आणि शेवटी उझबेक कस्टम. रेल्वेनं नेलं तरी सराख्सला खोळंबा ठरलेला, कारण इराणचे रूळ १४३५ मिलिमीटरचे आणि पलीकडचे १५२० चे.

पहिल्याच खेपेला आपटलो. बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, बोटीवर चढवलेल्या मालाचा कागद) 'उझबेकिस्तानसाठी ट्रान्झिट' ही एक ओळ घालायची राहिली आणि इराणी कस्टमच्या लेखी तो माल इराणचाच झाला. दुरुस्तीत एकोणीस दिवस गेले. डिटेन्शनचं (कंटेनर अडकून राहिल्याच्या दंडाचं) बिल आमच्या नफ्याच्या तिप्पट आलं. चेकलिस्ट मीच तपासली होती, त्यामुळे रागवायलाही कोणी नव्हतं. शेताच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरच्या खोल्यांचं आठ महिन्यांचं भाडं त्यात गेलं.

तेव्हापासून मला करार वाचायची सवय लागली. ऑफिसात हसतात. मध्य आशियाचा माल इराणमार्गे समुद्रापर्यंत नेण्याचा अश्गाबात करार २०११ चा, भारत त्यात २०१८ मध्ये आला. टीआयआर या ट्रकवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारात २०१७ ला. त्यात एका पुस्तिकेवर आणि एका सीलवर ट्रक देशामागून देश ओलांडतो. वाटेतलं कस्टम सहसा सील पाहतं, माल उघडत नाही, आणि ड्युटी बुडाली तर हमी घेतलेल्या संस्थेकडून वसूल करतं. २०१९ मध्ये अफगाणिस्तानचा माल इराणच्या चाबहार बंदरामार्गे याच पद्धतीनं भारतात उतरला तेव्हा मी पेढे वाटले. ऑर्डर आमची नव्हती, तरीही.

पण त्याआधीच, २०१८ मध्ये, अमेरिका इराणसोबतच्या अणुकरारातून बाहेर पडली होती. निर्बंध परत आले, मोठ्या लाइनींनी इराणचं बुकिंग थांबवलं, आणि आमच्या इराणी एजंटचे पैसे पाठवायला बँक तयार होईना. सहा महिने ताश्कंदचं काम शून्य. मग चीनची वाट धरली: छिंगदाओपर्यंत बोट, तिथून रेल्वेनं कझाकस्तान ओलांडून ताश्कंद. जायचं उत्तरेला, आणि बोट निघते दक्षिणेला, लंकेला वळसा घालून!

इराणला मी तेव्हा फार शिव्या घालायचो. त्या कमी झाल्या कोलकात्याच्या एका स्नेह्यामुळे. भारतातून नेपाळला जाणाऱ्या मालाचं काम ते बघतात. १९८९ मध्ये, म्हणजे आमचं बंदर सुरू झालं त्याच वर्षी, भारत-नेपाळ करारांची मुदत संपली आणि सीमेवरची बहुतेक नाकी बंद झाली. ते म्हणाले, "तुम्ही इराणला जे बोलता ना, तेच काठमांडूचा व्यापारी आपल्याला बोलतो." आता कोलकात्याहून निघालेल्या कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लागतं आणि नेपाळमधल्या वीरगंजपर्यंत त्याचा माग दिसतो. सराख्सवाल्यांनी एवढं केलं तरी माझी झोप दोन तासांनी वाढेल.

आज आम्ही सात जण आहोत. ताश्कंदच्या कोटेशनवर दोन्ही वाटांचे दर असतात. 'अंदाजे दिवस' हा रकानाही आहे, पण त्यात आम्ही आकडा लिहीत नाही. फोन करून सांगतो.