उत्तर बरोबर, रीत चूक

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आईसाठी वॉकर आला तेव्हा, त्याच्या मागच्या दोन पायांना टेनिसचे चेंडू बसवा, म्हणजे तो फरशीवर खरखरणार नाही आणि सहज सरकेल, असे व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी सांगितले. त्यामुळे परवा दुपारी मी भाजीची सुरी घेऊन चेंडूवर फुलीचा छेद घेत बसले होते. हे काम वाटते तितके सोपे नाही. चेंडू निसटतो, सुरी घसरते आणि फुली वाकडीच येते. दोन्ही चेंडू एकदाचे बसले आणि आई चार पावले चालली. त्या हिरव्यापिवळ्या टाचांकडे पाहताना मला एकदम टेनिसपटू मारियन बार्तोलीची आठवण झाली.

या फ्रेंच मुलीच्या वडिलांनी तिच्या बुटांच्या टाचांना टेनिसचे चेंडू चिकटवले होते. मुलीने सतत चवड्यांवर राहावे आणि टाच टेकवायची सोय तिला मुळी नसावीच, हा त्यामागचा हेतू. आमच्या घरी चेंडू आला तो आधार सुकर व्हावा म्हणून. त्या घरी तो आला टेकण्याची सवय मोडावी म्हणून.

वडिलांचे नाव वॉल्टर, पेशाने डॉक्टर. टेनिसचे रीतसर प्रशिक्षण त्यांनी कुणाकडे घेतलेले नव्हते. मारियनचा जन्म १९८४ चा, ल पुई गावचा. फ्रान्सच्या मध्यभागातल्या डोंगराळ मुलुखातले हे गाव विणलेल्या लेससाठी आणि हिरव्या मसुरासाठी ओळखले जाते; टेनिससाठी तिथे कुणी गेल्याचे ऐकिवात नाही. ती वाढली जवळच्याच रतूर्नाक नावाच्या लहानशा गावात. तिथल्या बंदिस्त कोर्टात बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या शेवटच्या रेषेच्या, मागे जागा इतकी थोडी होती की दोन पावले मागे सरकले तर पाठ भिंतीला लागावी. चेंडू उसळून खाली येईपर्यंत वाट पाहायची तर मागे जागा हवी, आणि ती नव्हती. म्हणून या मुलीने चेंडू टप्पा पडताक्षणीच, वर चढत असतानाच मारायचा, तोही रेषेच्या आत उभे राहून. पुढे मोठमोठ्या स्टेडियममध्ये मागे हवी तेवढी मोकळी जागा असतानाही ती तशीच पुढे सरकून उभी राहायची. टीव्हीवर तिला पाहताना मला कधीकधी ती अदृश्य भिंत तिच्या पाठीमागे दिसते असे वाटे.

रॅकेट दोन्ही हातांनी धरण्याचा प्रकारही असाच. १९९२ च्या फ्रेंच स्पर्धेत मोनिका सेलेस आणि स्टेफी ग्राफ यांचा अंतिम सामना झाला आणि तिसरा सेट सेलेसने १०-८ असा जिंकला. बॅकहँडच नव्हे तर फोरहँडही, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटकाही, सेलेस दोन हातांनी मारायची. तो सामना पाहून डॉक्टरसाहेबांनी ठरवले की आपल्या मुलीनेही दोन्ही बाजूंनी दोन्ही हात वापरायचे. यात तोटा उघड आहे. एक हात मोकळा असता तर जो चेंडू हात लांबवून गाठता आला असता, त्याच्यासाठी एक पाऊल जास्त टाकावे लागते. सामन्याच्या शेवटी अशा पावलांची बेरीज मोठी होते. मात्र ज्याला चेंडू उसळताच मारायचा आहे त्याला मागे मोठा झोका घ्यायला वेळच नसतो, आणि आखूड झोक्यात जोर आणायचा तर दुसरा हात कामी येतो. एका अडचणीवर काढलेला उपाय असा दुसऱ्या अडचणीत चपखल बसला. हे सगळे वॉल्टर यांनी आधीच हेरले होते की ते आपोआप जुळून आले, यावर मी पुष्कळदा विचार केला आहे, त्यातून काहीही निष्पन्न झालेले नाही.

माझे वडील पोस्टात काउंटरवर होते. तिसरीत मला वजाबाकी त्यांनीच शिकवली, आणि ती सुटे पैसे परत देण्याच्या रीतीने. शंभरातून त्रेसष्ट गेले किती, असा प्रश्न आला की हातचा वगैरे भानगड नाही; त्रेसष्टाचे सत्तर करायला सात, सत्तराचे शंभर करायला तीस, झाले सदतीस. रात्री जेवणे आटोपली की बाबा पाटावर खरीखुरी नाणी मांडत आणि गिऱ्हाईक होऊन माझ्यापुढे बसत. शाळेत मी तीच रीत पेपरात लिहून आले. बाईंनी लाल शाईने शेरा मारला, ‘उत्तर बरोबर, रीत चूक’, आणि चारांपैकी दोन गुण दिले. बाबांनी पेपर बराच वेळ पाहिला, सही केली आणि म्हणाले, ‘‘उद्यापासून बाईंची रीत कर.’’ मी ती केली. आजही भाजीवाल्यासमोर मात्र माझ्या डोक्यात पाटावरचीच नाणी वाजतात.

बार्तोलीचे सारे टेनिस मला नेहमी त्या लाल शेऱ्यासारखे वाटत आले आहे. दोन गुणांच्या मध्ये ती प्रतिस्पर्ध्याकडे पाठ फिरवून हवेतच दोनतीन फटके मारून बघायची, जागच्या जागी उड्या मारायची, मूठ आवळून स्वतःलाच काही बजावायची. तिची सर्व्हिस तर दर काही वर्षांनी नवा अवतार घेई, आणि आधीच्यापेक्षा हा बरा आहे असे म्हणण्याची सोय क्वचितच असे. पाहणाऱ्यांना हसू येई. मला आले नाही, कारण बाहेर पडताना कडी तीनदा ओढून पाहिल्याशिवाय मला जिना उतरता येत नाही, आणि तिसरी खेप मनासारखी झाली नाही तर पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी लागते. अशा माणसांनी एकमेकांना हसू नये.

२००७ मध्ये विंबल्डनच्या उपांत्य फेरीत तिची गाठ जस्टिन हेनिनशी पडली. हेनिन तेव्हा जगात पहिली होती आणि तिचा एका हाताचा बॅकहँड म्हणजे रीत कशी असावी याचा वस्तुपाठच होता. पहिला सेट हेनिनने ६-१ असा घेतला. पुढचे दोन बार्तोलीने ७-५, ६-१ असे घेतले आणि नंतर सांगितले की प्रेक्षकांत अभिनेता पिअर्स ब्रॉस्नन बसलेला दिसला, तेव्हा त्याच्यासमोर इतके वाईट खेळणे बरे नव्हे असे वाटले. अंतिम फेरीत व्हीनस विल्यम्सने तिला सरळ सेटमध्ये हरवले. मग वर्षे गेली. २०११ मध्ये तिने पॅरिसमध्ये फ्रेंच स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली आणि विंबल्डनला सेरेना विल्यम्सला हरवले; २०१२ च्या आरंभी ती जागतिक क्रमवारीत सातवी होती.

त्याच वर्षी लंडनला ऑलिंपिक झाले आणि टेनिसचे सामने विंबल्डनच्याच गवतावर होते. फ्रान्सच्या संघात मात्र ती नव्हती. ऑलिंपिकसाठी फेडरेशन चषक या महिलांच्या सांघिक स्पर्धेत देशाच्या संघातून खेळायला हवे, संघात खासगी प्रशिक्षक चालणार नाही, आणि ती वडिलांशिवाय सराव करणार नाही, असा तिढा अनेक वर्षांचा होता. नियम करणाऱ्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही. प्रत्येक खेळाडू आपापला बाप घेऊन आला तर संघ कसला उभा राहणार? तरीही पेपरातल्या त्या दोन गुणांची मला आठवण होते. अखेर २०१३ च्या सुरुवातीला तिने वडिलांच्या प्रशिक्षणातून बाहेर पडायचे ठरवले, आणि संघाची कर्णधार असलेल्या अमेली मोरेस्मोची तिला साथ मिळाली. मोरेस्मो ही २००६ ची विंबल्डन विजेती, तीही एका हाताच्या सुरेख बॅकहँडची.

त्या जुलैत पंधरावे मानांकन असलेली बार्तोली एकही सेट न गमावता विंबल्डन जिंकली. ६ जुलैच्या त्या शनिवारी आपल्याकडे संध्याकाळ होती, बाहेर पाऊस कोसळत होता आणि वीज जाईल या धास्तीने मी टीव्हीसमोरून हलले नव्हते. समोर जर्मनीची सबिन लिसिकी होती. तिच्यावर त्या दिवसाचे दडपण इतके आले की दुसऱ्या सेटमध्ये तिला कोर्टावरच रडू फुटले. ६-१, ५-१ अशा आघाडीवर बार्तोलीच्या हातून सामना संपवायच्या तीन संधी गेल्या, पाहता पाहता ५-४ झाले, आणि मी आमच्या दाराची कडी ओढून पाहून आले. त्यानंतरच्या गेममध्ये तिने एकही गुण दिला नाही. शेवटचा गुण बिनतोड सर्व्हिसचा होता. जिच्यावर सगळ्यांचे हसून झाले होते, त्याच सर्व्हिसचा. ग्रँड स्लॅममधली तिची ही ४७ वी स्पर्धा होती आणि पहिले विजेतेपद मिळवायला तोवर कोणाही स्त्रीला इतक्या खेपा घालाव्या लागल्या नव्हत्या. दोन्ही बाजूंना दोन हात वापरणाऱ्या सेलेसला जे विंबल्डनवर कधी साधले नाही, ते तिला पाहून घडवलेल्या मुलीला साधले. ती प्रेक्षकांमधून वाट काढत आपल्या माणसांच्या जागेकडे चढून गेली. वडील तिथे होते, आता केवळ वडील म्हणून.

त्याच दिवशी बीबीसी रेडिओवरच्या एका निवेदकाने, तू काही दिसायला देखणी होणार नाहीस, तेव्हा तुला चिवट व्हावे लागेल असे तिच्या वडिलांनी तिला लहानपणी सांगितले असेल का, अशी मुक्ताफळे उधळली. बीबीसीला माफी मागावी लागली. मॉडेलिंगच्या कराराचे स्वप्न मी पाहिले होते का, तर नाही, आणि विंबल्डन जिंकण्याचे पाहिले होते का, तर नक्कीच, अशा आशयाचे उत्तर तिने दिले आणि विषय संपवला. मला मात्र तो इतक्या सहज संपवता येत नाही. डौलदार, देखणे, लयबद्ध ही विशेषणे टेनिसवर लिहिणारे पुरुष इतक्या सढळ हाताने का वापरतात, हा माझा जुना राग आहे आणि त्यावर स्वतंत्र लेख होईल, म्हणून इथेच थांबते.

विजयानंतर जेमतेम चाळीस दिवसांनी, १४ ऑगस्टला, सिनसिनाटीत सिमोना हालेपकडून हरल्यावर तिने रात्रीच रडत रडत निवृत्ती जाहीर केली. वय २८. पाऊणएक तास खेळले की सगळे अंग दुखते, खांदा, कंबर, टाचेची शीर, पाठ, आता शरीरच साथ देत नाही, असे ती म्हणाली. त्या वेळी मला ते नाटकी वाटले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही. एवढे मिळाल्यावर निदान पुढच्या वर्षी किताब राखायला तरी यावे, असे मी टीव्हीसमोर बसून ठरवून टाकले होते. नंतर एकदा तिने पुनरागमन जाहीर केले आणि खांद्याने तेही होऊ दिले नाही. आईला न्हाणीघरापर्यंतच्या अकरा पावलांचा हिशेब करताना रोज पाहते आहे, तेव्हापासून दुखण्याबद्दल दुसऱ्याच्या वतीने काही ठरवणे मी बंद केले आहे. एका चेंडूमागे एक पाऊल जास्त, असे तेरा वर्षे चालले होते.

चेंडूंचा डबा तिनांचा येतो आणि वॉकरला दोनच लागतात. उरलेला तिसरा खिडकीत ठेवला आहे. काल आईने तो उचलून, दोन्ही तळव्यांत धरून दाबून पाहिला आणि विचारले, ‘‘याचं काय करायचं?’’ मला काही सुचले नाही.