साय

रात्रीचे साडेदहा. कॅरलच्या, म्हणजे घरोघरी नाताळची गाणी म्हणायच्या फेरीच्या, यादीतलं चौदावं घर, जालन्याच्या पुढं एका वस्तीवर. दोन गाणी, प्रार्थना, आणि आम्ही चपला शोधायला लागलो.

आजी म्हणाल्या, "गाणं झालं. बसायला कवा येशील, लेकरा?"

समोरच्या चहावर साय धरली होती.

मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, नातूही सोबत. गेल्या नाताळात तो नाटकात मेंढपाळ होता. यंदा संडे स्कूलच्या वहीत मी त्याच्यापुढं नुसतं 'गैरहजर' लिहीत आलोय. दोन महिने!

डिसेंबरभर तरुण संघ, तालमी, कुटुंबभेटी. भेटी म्हणे, घड्याळ बघून केलेल्या.

कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, काही ती माणसं परतत नाहीत. 25 तारखेला आमचा मेंढपाळ कुठल्या फडावर असेल?